कच

आईची जुनी परात. आतून पांढरा ऑइलपेंट मारलाय,
म्हणजे जीव दिसतात.

ओढा क्रशरच्या अंगाने उतरतो,
तुर्भ्याच्या डोंगरामागून.
दिवाळीच्या आसपास पट्टा पुन्हा सुरू झाला.
तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं,
आठवड्यात दगडांवर बोटभर पीठ.
दगड उचलला तर खालची पोकळी गच्च भरलेली,
कुणी बाहेरून लिंपून घेतल्यासारखी.

जाळी धरायची, तिच्यासमोर टाचेने तळ ढवळायचा,
एक मिनिट, घड्याळ लावून.
नाईकवडी मॅडम म्हणतात, टाच सगळीकडे सारखी पडली पाहिजे.
खाणीच्या वर पडली तेव्हा
चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या एकवीस.
मराठीत त्यांना नाव सापडलं नाही.
मी वहीत लिहिलं : चिकट्या.
क्रशरखाली एकही नाही.

रात्री जातात, मॅडम म्हणाल्या.
अंधार पडला की दगडावरची नखं सैल करतात
आणि पाणी नेईल तिकडे.
खरं वाटेना, म्हणून मधल्या वळणावर बसले.
साडेआठला जाळी लावली, नऊला काढली.
चौतीस.
चौतीस जणी, काही न घेता,
कंपन्यांच्या नाल्याकडे निघालेल्या.
पुढे काय आहे ते वरच्या कुणी येऊन सांगत नाही,
पाणी एकाच बाजूला वाहतं.

राहिलेल्यांत एक आहे तिळाएवढी.
पाठीवर दोन चौकोनी झडपा,
झडपांखाली कल्ले.
पापणी लवावी तशी झडप उचलते,
घोटभर पाणी आत घेते, मिटते.
बाकी अंगावर गाळ बसला तर बसू देते.

दुसरी, दोन दगडांच्या फटीत जाळं विणणारी.
जाळ्यात यायचं शेवाळ, आता येतं पीठ.
ती ते कुरतडून काढते, पुन्हा विणते.
मंगळवारी विणत होती.
शुक्रवारी जाळं होतं, मैद्याची चाळण बुजावी तसं,
आणि ती नव्हती.

लाल अळ्यांचं मात्र बरं चाललंय.
मोजता मोजता दोनशेवर सोडून दिल्या.

आणि ही, जिच्यासाठी परात घरी आणली :
खडे चिकटवून नळकांडं करते, त्यात राहते.
वरच्या ओढ्यात तिची घरं गोल वाळूची, तांबूस.
हिचं काळं, कोनाकोनाचं, हाताला टोचेल असं.

अण्णाने ते नखावर घेतलं, उजेडाकडे धरलं.
बावीस वर्षं जबड्यात दगड टाकणारा माणूस,
चष्मा नाही, भिंग नको म्हणाला.
"ही कच आपली न्हाई.
आपला जबडा नवा हाय, अशी धार येत न्हाई.
पलीकडच्या खाणीची."
मधे थांबला. गमछा तोंडाशी नेला,
खोकला संपेपर्यंत नख हलू दिलं नाही.
"हा मधला खडा आपला. हा एक."

आत कोण राहतं, त्याने विचारलं.
अळी.
"भाडं?"
मी हसले. तो हसला नाही,
नळकांडं उलटंसुलटं करून बघत राहिला.
"गवंड्यानं बांधल्यागत हाय.
मोठा खडा खाली, बारीक वर.
कुणी शिकवलं?"

तक्त्यात शेवटचा रकाना : बारीक गाळ, टक्के.
मी सत्तर लिहिलं, खोडलं, ऐंशी लिहिलं.

सकाळी परात त्यानेच उचलली,
दोन्ही हातांत, हिंदकळू न देता.
ओढ्यापाशी थांबून विचारलं,
"वर सोडायची का खाली?"
वर पाणी निवळ आहे.
पण वरच्या पाण्यात तिचं हे काळं घर
गोल तांबूस वाळूवर दुरून दिसेल,
माशाला, खेकड्याला, कुणालाही.
खाली दिसणार नाही. खाली श्वास नाही.

मॅडमना विचारायला फोन काढला, रेंज नव्हती.
खालून कुणीतरी ओरडलं, यंकप्पा, पट्टा अडकला!
तो हलला नाही.
परातीच्या कडेशी ते नळकांडं
थोडं सरकलं,
थांबलं,
पुन्हा सरकलं.